नाम आणि क्रियापद

जेर्बा बेटावर, मासळीबाजार उठल्यावर,
खल्फोन आणि त्याचा मेहुणा शूशान
पहिल्याच ओळीवर अडलेत.
अकरा वर्षं.

नाम अनेकवचनी आहे, म्हणतो शूशान,
शेवटची दोन अक्षरं बघ,
तिथे गर्दी आहे.

खल्फोन दाढीतली तपकीर झटकतो:
आणि क्रियापद?
ते तर एकटंच आलंय कामावर,
आकाश उचलायला.

मग मानाचं बहुवचन असेल.

"मला कधी लावलंत?"
आतून मेसाउदा.

बोट ओळीवर तसंच.
बाहेर खारा वारा, दाराची निळी कडी वाजते,
कोणी नसतं.

ती कुसकुसची एकच परात आणून ठेवते मध्ये,
भोवती चमचे चार.
माणसं तीन.

शूशान मोजतो. पुन्हा मोजतो.
खल्फोन पुस्तक मिटतो, बोट आत ठेवून.

चौथा चमचा कोणी परत नेत नाही.