करोडगिरी

वाळूजला सी सेक्टरात आमची कंपनी.
एक भट्टी, दोन हातोडे, नऊ लेथ,
आणि सगळ्यात शेवटी माझं टेबल,
जिथं पोचेपर्यंत लोखंडाचा कागद झालेला असतो.

आम्ही योक बनवतो. ट्रकच्या पोटात असतो तो,
फिरत्याला फिरत्याशी जोडणारा, कुणाला न दिसणारा.
योक म्हणजे जू,
हे मुक्तीराम दाभाडेनं मोबाइलवर शोधून काढलं
आणि दिवसभर हॅमर शॉपात
"ह्यॅक, ह्यॅक" करत फिरला.
तेव्हा हसणं चालू होतं.

मग आकडा आला.
आधी लहान, मग त्याच्या दुप्पट.
भाव वाढतो तसा नाही,
भांडताना आवाज वाढतो तसा.

समुद्रापलीकडं डोरीन आहे, खरेदी खात्यात.
अकरा वर्षं "डिअर सुदा" म्हणत आलेली,
कुत्रं मेलं तेव्हा फोटो पाठवलेली.
तिनं लिहिलं : अर्धी जकात तुम्ही सोसा, अर्धी आम्ही.
साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला
आणि बराच वेळ नुसताच हातात धरला.
दुसरा मेल एका शब्दाचा : होल्ड.
तिसऱ्या मेलखाली नाव दुसऱ्याच कुणाचं.
डोरीनचं काय झालं, हे विचारायला
कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

ठेकेदाराची सव्वीस पोरं, हिंगोली-सेनगावकडची,
त्यांचे गेटपास माझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत, पट्ट्यांसकट.
ड्रॉवर उघडला की सगळे एकदम बघतात.

पॅलेटवाला मुजम्मिल म्हणतो, ताई, मेरा क्या,
लाकूड ते लाकूड.
परदेशी जाणाऱ्या फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो,
कीड नाही, अशी ग्वाही.
त्याच फळ्यांचे त्यानं ढाब्याला बाक करून दिले.
आता लासूर रोडला लोक
ग्वाहीवर बसून शेवभाजी खातात.

कायगावचे देवराव तात्या नव्वदीचे.
त्यांना सांगितलं तर म्हणाले, हे तर करोडगिरी!
नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज,
मधी नाका. नाकेदार पोत्यात सळई खुपसायचा.
मायनं टोक्याहून नवं लुगडं आणलं
ते माझ्याच अंगाला गुंडाळलं, वरून सदरा.
नाकेदार गाल ओढून म्हणला,
पोरगं चांगलं पोसलंस, बाई!
अन् म्या हसू दाबताना मुतलो की.
लुगड्याला तेवढा डाग राहिला. जकात म्हण त्याला.

भाद्रपद सरताना नवं गिऱ्हाईक मिळालं, इजिप्तचं.
योक तोच, भोक दोन मिलिमीटरनं लहान,
पैसे नव्वद दिवसांनी, भाव विचारू नका.
डाय नव्यानं कापली. मुक्तीराम रात्रपाळीला आला,
पहिला लालभडक तुकडा चिमट्यात धरून म्हणाला,
बैल तेच, बांध बदलला.
कुणी हसलं नाही. एक जण हसला बहुतेक.
हातोड्याच्या आवाजात कळत नाही.

काल पहिला कंटेनर निघाला.
पावणेबाराला ड्रायव्हरचा फोन :
ताई, कागदावर देश जुनाच राह्यलाय.
अकरा वर्षांच्या सवयीनं
माझ्या बोटांनी आपलं आपणच टाइप केलं होतं.
नवा कागद पाठवते म्हटलं, शिक्क्यासकट, तासाभरात.
तोवर थांबू कुठं, त्यानं विचारलं.
आहेस कुठं?
कायगावला. पुलाच्या तोंडाशी.

मग अलीकडंच थांब, मी म्हटलं.
आणि डोरीनच्या देशाचं नाव
एकेक अक्षर मागे घेत पुसलं.