जायफळ

पाच डॉलर पंचाण्णव.
मागच्या थंडीत हीच कॉफी सव्वाचारला होती,
आणि कपही नखभर बुटका झालाय.
मी दातांच्या दवाखान्यात बिलं करते,
मला नखभरसुद्धा दिसतं.

म्हणून शनिवारी आम्ही दोघांत एकच घेऊ लागलो.
वन बाय टू.
डलूथमध्ये हा शब्द कुणाला ठाऊक नाही,
पण पा हौआ न सांगता
एक रिकामा कप पुढे सरकवायची.
मग तो पडदा आमच्याकडे वळवायची :
अठरा टक्के, बावीस, पंचवीस,
आणि तळाशी, मुंगीएवढं, ‘काही नको’.
पडदा वळला की ती नेमकी खिडकीबाहेर बघायची,
तेवढ्यात तलावात जहाज शिरल्यासारखं.
हा कधी एक डॉलर दाबायचा, कधी मुंगी.
परतताना चढावर
आम्ही त्यावरूनच भांडायचो.

बाहेर खाणं तर सुटलंच.
वरच्या रस्त्यावर डोसा एकोणीस डॉलर,
चटणीचे वेगळे.
चटणीचे वेगळे!
त्या दिवशी मी गाडीत बसून खरंच रडले,
आणि मग स्वतःलाच हसले.

परवा दुकान उघडं होतं आणि वाट बंद.
आत दुसऱ्या गावाहून आणलेला मॅनेजर
एकटाच दूध फेसाळत होता.
बाहेर सात जण, शून्याखाली अकरा,
नाकं लाल, पुठ्ठ्यावर मार्करची अक्षरं :
‘मी तासाला साठ कप करते.
माझ्या वाट्याला अडीच.’

मी उभ्या उभ्या भागाकार केला.
बरोबर होता.
“मग उरलेले साडेसत्तावन्न?” हा म्हणाला.
“दूध, भाडं, वीज. वजा कर की.”
“केले. तरी उरतात.”
आमच्याकडून जास्त गेले,
तिच्याकडे कमी आले,
मधल्यामध्ये कुठला उंदीर खातो
ते आत फेसाळणाऱ्या त्या बिचाऱ्यालाही
कुणी सांगितलं नसावं.

ओळ ओलांडायची नाही, एवढं कळत होतं.
पुढे काय करायचं, ते नाही.
म्हणून घरी गेलो.
दूध उकळलं, साखर जरा सढळ,
किसणीवर जायफळ घासलं
आणि मुलाच्या शाळेतला डायनासोरचा थर्मास भरला.

मारिटनं घोट घेतला, डोळे मिटले.
टोबिन म्हणाला, “यांना कळू देऊ नका,
साडेसातला विकतील.”
सगळे हसले, वाफ एकदम वर गेली.
पा हौआनं हातमोजा काढला,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग,
चपटा, चकचकीत.
दोन वर्षं तिच्या हातून कप घेतला मी.
डाग झाकलेला होता,
की मी पाहिलाच नव्हता?
तिनं विचारलं, “तुमचं नाव काय?
आम्ही तुम्हाला ‘दोन कप’ म्हणतो.”

इथंच थांबले असते तर बरी दिसले असते.

बुधवारी मिनिआपोलिसचा विमानतळ,
पहाटेचे पावणेसहा, डोकं ठणकत होतं,
समोर तेच दुकान, तीच पाटी,
सहा डॉलर पंचेचाळीस.
मी घेतली.
पडदा वळला. पलीकडचा मुलगा
खिडकी नव्हती म्हणून छताकडे बघू लागला.
मी पंचवीस टक्के दाबले,
दंड भरावा तसे.
ह्याला अजून सांगितलेलं नाही.

संप चालूच आहे.
बर्फ त्यांच्या पायांनी दबून
दारासमोर काचेसारखं झालंय.
आमचा थर्मास पा हौआकडेच राहिला.
मागायला जावं,
तर रिकाम्या हातानं कसं जायचं,
आणि जायफळ
तळाशी बोटभरच उरलंय.