मुक्कामी गाडी

बोगद्यातून बाहेर पडलो आणि
अण्णांचा उजवा पाय
मॅटवरचा नसलेला ब्रेक दाबायला लागला.
गाडी मी चालवत होते. ते शेजारी,
मांडीवर शेंगांच्या चटणीची बरणी,
कारण आईचा डिकीवर विश्वास नाही.

यवतेश्वरच्या वळणावर म्हणाले, हॉर्न दे.
दिला.
दोनदा दे.
मागे जुई खुदकन हसली,
तोंडात आवळासुपारी,
हातात उलटी आलीच तर म्हणून पिशवी.

सातारा डेपोत एकतीस वर्षं,
त्यातली नऊ ह्याच रस्त्यावर:
संध्याकाळची बामणोली मुक्कामी.
आम्हाला ते एक दिवसाआड मिळायचे,
डिझेलच्या वासाचे, जागरणाचे, गप्प.
दिवाळीतसुद्धा ड्यूटीचा कागद
आकाशकंदिलाच्या खिळ्याला टांगलेला असायचा.

कासवर थांबलो. फुलं संपली होती,
गर्दीही गेली होती त्यांच्याबरोबर.
पिवळं पडत चाललेलं गवत, आणि वारा
इतका की विनयची टोपी दोनदा पळाली.
अण्णा कडेला जाऊन उभे राहिले.
खाली उरमोडीचं पाणी,
डोंगरांच्या बोटांमधून निसटल्यासारखं
लांबपर्यंत गेलेलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग,
हे इथनं दिसतंय व्हय?

प्रत्येक खड्ड्याचं वय ठाऊक असलेला माणूस.

आई म्हणाली, नऊ वर्षं काय बघत होता मग?
रस्ता, म्हणाले.
आणि बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

बामणोलीत ते चहाच्या टपरीपुढे
गरजेपेक्षा जास्त वेळ थांबले.
कुणीतरी ओळखेल असं वाटलं असावं.
पोरगं नवं होतं. त्यानं विचारलं,
काका, लाँचचं तिकीट हवंय का?

तंबू पाण्याच्या काठाला.
विनयनं दांड्या उलट्या घातल्या,
संकपाळांच्या मुलानं न हसता सुलट्या केल्या.
रात्री पिठलं, तांदळाची भाकरी,
आणि पलीकडच्या जंगलात काहीतरी ओरडलं
ज्याला प्रत्येकानं वेगळं नाव दिलं.
आईचं सगळ्यात भीतीदायक होतं.

दोनच्या सुमारास जाग आली तर
अण्णांचं अंथरूण रिकामं.
बॅटरी घेऊन गेले. ते गाडीत होते,
मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी,
काच दोन बोटं खाली.
तंबूत झोप लागेना, म्हणाले,
कापडाला भिंत कोण म्हणंल?
इथंच झोपायचो आम्ही, देवळापाशी गाडी लावून.
कंडक्टर पेटी उशाला घ्यायचा,
मी लांब सीटवर.
थंडीत?
थंडीत.
कधी सांगितलं नाहीत.
विचारलं कुणी?

मी दार लोटलं. खटका होऊ दिला नाही.

सकाळी लाँच. पलीकडे वनखात्याच्या चौकीवर
आमच्या प्लास्टिकची मोजणी झाली:
बाटल्या पाच, पुडे अकरा.
परत आणून दाखवा, म्हणाले साहेब,
आणि जुईनं ती जबाबदारी
अशी घेतली जशी शाळेत कधी घेत नाही.
ओढ्याशी मारुतीच्या देवळापर्यंत अण्णा आले.
पुढं वासोट्याची चढण. गुडघ्यानं नाही म्हटलं.
तुम्ही जा. मी हाय हितं.

वरून आम्ही हात हलवला.
झाडी इतकी दाट की तो हात
कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.
उतरलो तेव्हा ते ओढ्यात पाय सोडून बसलेले,
बूट शेजारी, मोजे बुटात घातलेले,
पँट नडगीपर्यंत दुमडलेली.
त्यांच्या नडग्या इतक्या गोऱ्या आहेत
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

परतीला म्हणाले, मी मागं बसतो. खिडकीपाशी.
बरणी आईकडे गेली.
जुई पुढे आली, हॉर्नवर लक्ष ठेवायला.
यवतेश्वर उतरताना आरशात पाहिलं:
कपाळ काचेला टेकलेलं,
डोळे बाहेर, सातारा खाली दिव्यांनी भरत चाललेला.

पाय मात्र
आरशात दिसत नाहीत.