वजन गळून पडल्यावर

पहिल्या तासाला हुक्केरी सरांनी
फळ्यावर एकच नियम लिहिला, इंग्रजीत.
मग कानडीत सांगितला, मग आमच्याकडे वळून मराठीत:
थांबलेलं थांबून राहतं,
चाललेलं चालत राहतं,
बाहेरून कुणी हात लावेपर्यंत.
"म्हणजे खानापूरची बस, सर,"
मागच्या बाकावरून मल्लिकार्जुन.
सरही हसले. म्हणाले,
"बस असू दे की. खरं तू बघालास कुठून?
स्टँडवरून, का खिडकीतून?
ते आधी ठरव. तोवर वेग म्हणजे काहीच नाही."

मी वहीच्या समासात लिहिलं:
छप्पन साली कडोली जागची हलली नाही,
राज्य बदललं.
विस्थापन शून्य.
वही तपासताना सरांनी ते वाचलं असणार.
बरोबरची खूण नाही, चुकीचीही नाही.

प्रॅक्टिकलला भिंतीवर बसवलेलं गतिचक्र.
आसाला दोरी गुंडाळायची, टोकाला अर्धा किलो,
काठावर खडूची एक रेघ.
सोडलं की वजन उतरतं, चाक वेग धरतं,
खुंटीवरून दोरी निसटते,
खाली वाळूच्या खोक्यात धप्प.
मोजायचं ते इथून पुढे.
ओढणारं कुणी नसताना
किती फेरे.

घरी बाबांना विचारलं,
कड इतकी जाड, आरे इतके बारीक, असं का?
उद्यमबागेत एकतीस वर्षं
काळ्या रेतीत साचे दाबलेला माणूस.
मनगटावर वितळल्या लोखंडाचा थेंब
अजून गोल.
"मधे वतून काय उपेग? काठाला घाल.
काठाचं वजन फिरायचं लवकर सोडत न्हाई."
मी सूत्र लिहून दाखवलं: एम, आर, वर्ग.
आरच्या खांद्यावर बसलेल्या त्या दोनकडं
ते बघत राहिले,
जत्रेत दुसऱ्याचं पोर बघावं तसं.

फौंड्री बंद होऊन दोन वर्षं झाली.
पाचला उठतात. डबा नसतो,
तरी सायकलच्या कॅरियरची स्प्रिंग
एकदा उचलून सोडतात.
पहिल्यांदा तिसऱ्या गेटाच्या पलीकडं जायचे,
बंद शटरपर्यंत.
मग गेटापर्यंत.
यंदा उन्हाळ्यात टपरीवरूनच वळाले.
आई दाराशी काही बोलत नाही,
परत आल्याची घंटा ऐकते
आणि चहा टाकते.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं,
वजन पडल्यावर चाक का फिरतं?
जडत्व.
मग थांबतं का?
घर्षण.
दहापैकी दहा.

रात्री जर्नलमध्ये आकडे उतरवत होते:
सत्तेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस.
बाबा चष्मा न लावता वाकले.
"किती फेरे म्हंटलीस?"
"सरासरी सेहेचाळीस."
"कमी आहेत. बेअरिंगला तेल घाल,
साठाच्या वर जातंय."
"रीडिंग बदलतील. सर रागावतील."
"रागावू दे की," म्हणाले,
"सांग, मोल्डरनं सांगितलंय."