डावी बाजू

गाठ मला सापडली नाही.
माझ्या बोटांना एकोणीस वर्षं झाली,
लोकर कुठली, पाव कुठला, धड कळत नाही.
बटणं मी डोळ्यांनी लावते.
गाठ सापडली जेसीला,
बुधवारी मला आंघोळ घालायला येते ती.
स्पंज थांबला. नळ चालूच राहिला.
"मेरन, हे कधीपासून?"
मी म्हटलं, काय कधीपासून?

माझा जुना आजार छाती आवळून धरतो,
बरगड्यांभोवती ओला दोर फिरवावा तसा.
त्या दुखण्याला इथे 'मिठी' म्हणतात.
नाव कुणी ठेवलं कोण जाणे,
आयुष्यात कुणी धड कवटाळलं नसेल त्याला.
तर वर्षभर डाव्या अंगाला जे ओढत होतं
ते मी मिठीच्याच खाती मांडलं.
डॉक्टरांनीही मांडलं.
थकवा? तिचाच.
काखेत ठसठस? तिचीच, आणखी कुणाची!
दारावर पाटी जुन्या बिऱ्हाडाची;
आत पोटभाडेकरू येऊन राहिला
आणि त्याची पत्रं
जुन्याच नावावर येत राहिली.

तपासणीची गाडी तीन वर्षांनी एकदा
बोटीतून आमच्या बेटावर उतरते,
शाळेमागे, वाऱ्याला पाठ देऊन उभी राहते.
गेल्या खेपेला मी गेले होते.
पाच लोखंडी पायऱ्या.
मोटारीत बसूनच मोजल्या
आणि सिगर्डला म्हटलं, आज नको,
चल, मासे घेऊन घरी जाऊ.
हॅडॉक घेतले. ताजे होते.
खरं कारण मी अजून
त्यालाही सांगितलेलं नाही.

या वेळी विमानाने अ‍ॅबरडीनला.
"अगदी स्थिर उभ्या राहा," यंत्रापाशी मुलगी म्हणाली.
स्थिर!
उजवा पाय आपल्याच तालात थडथडत होता,
डावा हात खांद्याच्या वर जायला राजी नव्हता.
ती दोन क्षण बघत राहिली,
मग एक खुर्ची आणली,
चाकांना खीळ घातली,
यंत्र सरसर खाली, माझ्या उंचीवर.
एवढंच होतं.
मला पायऱ्या आठवल्या. मी रडले,
तिला वाटलं, पट्ट्या दाबल्यामुळे.

तिसऱ्या मजल्यावर नसांचे डॉक्टर,
तळमजल्यावर गाठीचे.
वरचे म्हणतात, खालच्यांना विचारा.
खालचे म्हणतात, ते वरचे ठरवतील.
मधे लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये मी,
मांडीवर दोन फायली घेऊन,
एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या.

शस्त्रक्रियेनंतर नर्सने विचारलं,
एक ते दहामध्ये दुखणं किती?
काय सांगू? अर्धी छाती तर
त्यांनी कापायच्या आधीच
मला कळेनाशी झाली होती.
सहा म्हटलं. सहा बरा आकडा वाटला.

आता घरी.
बाहेर एकही झाड नाही,
वारा सरळ भिंतीशी येऊन भांडतो.
काल रात्री मिठी परत आली,
सवयीने दोर टाकला,
डाव्या बाजूला तो जरा सैल पडला.
ती चाचपत राहिली,
आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू,
मला तिचीच कीव आली.

सिगर्ड शेजारी जागाच होता.
"कुठे ठेवू हात? दुखेल तुला."
ठेव कुठेही.
दिवा तेवढा मालवू नको,
मला बघू दे.