चार खणांची पेटी

कुताइसीच्या बाजारात तामाझनं दोन पेट्या समोर ठेवल्या.
एक काळी, करवलीसारखी मिरवणारी.
दुसरी राखाडी, पत्र्याची, घुमी.
"काळी घ्या, मझेकाला. चारही डिस्क एकजीव करते,
जागा पुरेपूर, वेग वाऱ्याचा."
आणि एक गेली तर?
त्यानं मान खाजवली. "मग चारही गेल्या."

असला एकजीवपणा नको मला.
अशी कुटुंबं पाहिली आहेत मी.

राखाडीला कान लावला.
पंखा कण्हत होता, पण खर्जात;
त्याच्याबरोबर एका खोलीत राहता येईल.
केबल हलवून पाहिली, सैल तर नाही.
खण नुसत्या नखानं उघडतो की स्क्रू ड्रायव्हर लागतो, तेही.
रात्री तीनला कुणाला स्क्रू ड्रायव्हर सापडलाय?
डिस्क मात्र चार दुकानांतून चार घेतल्या.
तामाझ फुगून बसला.
एका दिवशी एका कारखान्यात जन्मलेली भावंडं
आजारीही एकदम पडतात,
हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

घरी, पाचव्या मजल्यावर, त्यांची मांडणी लावली.
प्रत्येकीनं आपलं सांभाळायचं
आणि इतरांच्या बेरजेचा एक तुकडा उशाशी ठेवायचा.
कुणी एक गेली, तर उरलेल्या तिघी
हिशोब करकरून तिला पुन्हा उभी करतील.
चौथा हिस्सा जागा त्यातच जाते.
जाऊ दे.
आठवण ठेवायलाही जागा लागतेच.

आत आहेत लेंटेखीच्या वरच्या एका गावातले चार म्हातारे:
बेकमुर्झा, गिवेर्गिल, चिचिको
आणि मुर्झाकान.
बावीस हिवाळे, तेच टेबल, तीच धुरकट चूल,
तीन सुरांची तीच जुनी गाणी.
मुर्झाकान तिसऱ्या शब्दाआधी खोकायचा.
दर वेळी.
सुरुवातीची काही वर्षं मी तो खोकला कापून टाकत असे.
तेव्हा मला वाटायचं, गाणं म्हणजे फक्त गाणं.

फेब्रुवारीत वीज गेली, आली, परत गेली.
पेटी किंचाळली. तिसऱ्या खणावर लाल दिवा.
मुर्झाकानच्या वर्षाच्या जेवणाला तेव्हा आठवडा झाला होता.
त्या जेवणात उरलेले तिघे गायले
त्याची जागा मोकळी सोडून,
आणि त्या भोकातून तो लख्ख ऐकू येत होता.
मग त्याच्या नातवाला उभं केलं.
सूर चोख, आवाज दणकट.
तिसऱ्या शब्दाआधी
काही झालं नाही.

नवी डिस्क खणात सरकवली.
एकतीस तास, पडद्यावर लिहून आलं.
या एकतीस तासांत दुसरी गेली की सगळं आटोपलं.
मी पावलं दाबून चालत होते,
किटली शिट्टीआधीच उतरवत होते.
शेजारच्या त्सिआलानं दारातूनच विचारलं,
"कोण आजारी आहे गं?"
मला उत्तर सुचेना. तिनं पाव ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कधीतरी, मी बटाटे सोलताना,
दिवा हिरवा झाला.
मी ओले हात झग्याला पुसले आणि मधलंच एक गाणं लावलं.
पहिला शब्द. दुसरा.
खोकला.
जसाच्या तसा, कफासकट,
तिघींनी मिळून परत आणलेला.

तेवढ्यावर विसंबायचं नसतं, हेही कळतं.
आग लागली, चोर आला, माझंच बोट चुकून भलत्या बटणावर पडलं,
तर चारही खण एकसाथ रिकामे.
म्हणून एक प्रत ओनीला, बहिणीकडे, इझोल्डाच्या तळघरात,
लोणच्याच्या बरण्यांमागे.
ती विचारते, यात आहे तरी काय?
मी म्हणते, एक खोकला.
ती म्हणते, मग ठेव बाई, पण बरण्या हलवू नकोस.

नातवाला अजून ऐकवलेलं नाही.
ऐकलं तर खोकायला लागेल, अशी भीती वाटते.