फक्त उतार

माझी सायकल चढत नाही.
सकाळी अस्माराहून नेफासितला मला घेऊन उतरते,
दुपारी बसच्या टपावर
कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आडवी पडून घरी येते.
म्हणून मी विचारलं तेव्हा ओक्बाझगी हसला:
'ही रिम किती किलोमीटर टिकेल?'
मी गणिताची बाई. मला आकडा हवा होता.

त्यानं चाक उचलून फिरवलं,
अंगठ्याचं नख कडेला टेकवलं
आणि मान वाकडी करून ऐकत राहिला.
'इथे पोटात गेलीय.'
मी बोट लावलं. खरंच,
सपाट पत्रा आत दबला होता,
वर्षानुवर्षं वाटून पाट्याला खोलवा येतो तसा.
'किती गेलात ते राहू द्या, बाई.
किती वेळा घाबरलात, ते सांगा.'

दुसऱ्या दिवशी मोजलं.
आर्बारोबापर्यंत सात वेळा.
डोंगरावरचा मठ दिसतो त्या वळणावर एकदा,
समोरून आलेल्या उंटांसाठी एकदा.
मग समुद्राकडून धुकं वर आलं
आणि मोजणं सुटलं,
कारण मी ब्रेक दाबूनच धरला,
पुढचा, मागचा, दोन्ही,
सगळा डोंगरभर.
खाली रिमवरून काळं पाणी ठिबकत होतं.
पुसलं तर बोटांवर शिसपेन्सिलीची चकाकी.
मला वाटलं, रस्त्याची घाण.
ती रिमच होती.

ओक्बाझगीनं ब्रेकची रबरं काढून दिव्याखाली धरली.
त्यांत पत्र्याचे कण रुतलेले,
दाढेत अडकलेल्या भाजक्या जवासारखे.
दाभणानं एकेक उकरून तो बशीत ठेवत गेला.
चौदा.
'तुमच्याच रिमचे. आणि तुमच्याच रिमला ओरबाडतात.'
मग कॉफी ओतता ओतता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल:
'वळणाच्या आधी दाबा, नीट दाबा, आणि सोडा.
सरळ रस्त्यावर तिला जाऊ द्या.
भिजली तर खाली पोचल्यावर पुसा.
फडक्यानं. नेत्सेलाच्या पदरानं नको,
काळा होतो, मग तुमची आई मला बोलते.'

भिंतीला याफेतची सायकल टेकलेली,
शर्यतीत पळतो तो.
तिची रिम कोऱ्या नाण्यासारखी.
याफेतच्या कोपराला सोळा टाके.
दोन्हीकडे बघून मी काही बोलले नाही.

शिकायला महिना लागला.
हात सैल सोडायचा म्हणजे
पोटातली भीती हातात येऊ द्यायची नाही.
आर्बारोबापर्यंत सातचे चार झाले. उंटांसाठी एकदा, तेवढं राहिलंच.
रिम आणखी दोन हिवाळे पुरली.

मग एका मंगळवारी, शाळेच्या आवारात
सायकल उन्हात नुसती उभी असताना
तिची कड फाटली. टायर फुटला.
सहावीची मुलं खिडकीशी धावली, हसत.
हेडमास्तर वोल्देयेसूस मात्र भिंतीला चिकटून खाली बसले,
त्यांच्या पिढीची माणसं बसतात तसे.
मी त्यांना पाणी दिलं. कप दोन्ही हातांनी धरला त्यांनी.
तास पुढे चालू केला. वर्तुळाचा परीघ.

दुसरी रिम मेदेबेरच्या भंगारातून मिळाली.
तिच्यावरही नख फिरवलं मी.
कुणीतरी आधीच थोडं थांबून ठेवलं होतं तिच्यात,
फार नाही.
जुनी, स्पोक काढलेली,
शिपायाची मुलगी अदियाम मागायला आली:
'बाई, टाकणार असाल तर.'

त्या दुपारी टपावर सायकल, आत मी.
पहिल्याच वळणावर बस गुरगुरत मंद झाली
आणि काचेबाहेर अदियाम दिसली,
काठीनं रिम हाकत, अनवाणी, बसच्या बरोबरीनं.
फाटलेली कड दर फेऱ्याला डांबरावर टक् करी.
रिम डगमगे, पुन्हा सावरे.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती बाजूला झाली नाही.
इतकी वर्षं त्या रस्त्यावर,
आणि ती रिम पहिल्यांदाच
चढत होती.